मदत हवी आहे: महिनाभर दोन-दोन गोळ्या देऊनही गरोदर मुलीचं रक्त वाढत नाही

आशा सेविका, गुहागर तालुका
पहिलटकरीण, वय 22, सहावा महिना. महिन्यापूर्वी हिमोग्लोबिन 8.6 होतं, म्हणून रोज लोहाच्या दोन लाल गोळ्या सुरू केल्या, 60 गोळ्या हातात दिल्या. काल 8.8 आलं. कॅल्शियमही चालू आहे. घरचे बीट-खजूर देतात. चढणीवर धाप लागते. आता इंजेक्शनसाठी पाठवू का?

समुदाय आरोग्य अधिकारी, दापोली
ताई, नीट घेतल्या तर महिन्यात निदान 1 ग्रॅम वाढतंच. म्हणून आधी गोळ्या पोटात जातात का ते बघा. "घेतेस ना?" विचारलं तर "हो"च येणार. "पाकीट बघू" म्हणा आणि फुटलेले कप्पे मोजा. संडास काळी होते का तेही विचारा. लोह पोटात गेलं की बहुतेकींना होतेच. हे सासूबाईंसमोर विचारू नका.

घेत असेल तर वेळा विचारा. सगळीकडे चूक एकच: जेवून उठल्यावर लाल आणि पांढरी गोळी एकत्र, वर चहा. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही, चहाही देत नाही. दोन गोळ्यांत किमान दोन तास हवेतच. बीट-खजुरावर विसंबू नका, त्यात लोह फारसं नसतं. घरात सुकट, तिसऱ्या, कुळीथ, शेवग्याचा पाला असेल तर ते जास्त कामाचं. वर लिंबू पिळायचं.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मालवण
8.6 आणि 8.8 यांतला फरक मशीनच्या चुकीतही बसतो. बोट पिळून रक्त काढलं की त्यात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. पावसात हात गार असतात, आधी चोळून गरम करा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसा, पुढचा आपोआप आलेला घ्या. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा. दमट हवेत पट्टी खराब होते.

आशा सेविका, गुहागर तालुका
पाकिटं बघितली. 60 पैकी 23च फुटलेल्या. ज्या घेतल्या त्या दुपारी जेवल्यावर, कॅल्शियमबरोबर. संडास काळी नाही. मळमळतं म्हणते. शिवाय सासूबाईंचं म्हणणं, या गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि मोठं होऊन सिझर करावं लागतं. लावणीला अनवाणी जात होती.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, राजापूर तालुका
मग गोळी फसली असं म्हणता येणार नाही, ती पुरेशी गेलीच नाही. पहिला आठवडा एकच लाल गोळी, रात्री 8 ला जेवून 10 ला, लिंबूपाण्याबरोबर. झोपेत मळमळ कळत नाही. आठवड्याने दुसरी गोळी सकाळी 11 ला. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर. चहा 7 ला आणि 4 ला, मधे नको.

अनवाणी चिखलात काम म्हणजे अंकुशकृमी असू शकतात. ते आतड्यात रक्त पितात. दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी देतात. दिली नसेल तर केंद्रातून घ्या, आणि पायात चप्पल.

धाप लागते म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांच्या तपासणीचं शिबिर असतं, त्याची वाट बघू नका. बसल्याजागी धाप लागली, छातीत धडधडलं किंवा हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर त्याच दिवशी 108. चार आठवडे नीट घेऊनही 1 ग्रॅम वाढलं नाही तर शिरेतून लोह, तेही दवाखान्यातच. थॅलेसेमियाची (आईबापाकडून येणाऱ्या रक्तदोषाची) तपासणी आधी झाली नसेल तर तीही करा. ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही लागेल.

सासूबाईंना सांगा, बाळाचा रंग आईबापाकडून येतो. रक्त कमी असलं की बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो, आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी आईला झेपत नाही. त्यांना सोबत घेऊनच या. रात्री 10 ची गोळी त्यांच्याच हातून द्यायला लावा. रक्तगट कार्डावर लिहिलाय का तेही बघा. बाळंतपण रक्त मिळेल अशाच रुग्णालयात ठरवायचं आहे.