नांदूर मध्यमेश्वरला डिसेंबरात फ्लेमिंगो नक्की दिसतात का?

रानवाटा: डिसेंबरअखेर आई आणि लेकीला घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचंय. लेकीने फ्लेमिंगोचा हट्ट धरलाय. नक्की दिसतील ना? किती वाजता पोचावं?

निफाडकर: नक्की असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे महिन्याइतकीच पाण्याची पातळी बघावी लागते. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठला, त्याची बेटं झाली, कडेला पाणी उथळ झालं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो गाळ म्हणजे तोटा, पण पक्षी येतात ते त्यासाठीच. शेकाट्या, मालगुजा हे लांब पायांचे पक्षी; शेकाट्या उथळ पाण्यातलं वेचून खातो, मालगुजा चिखलात चोच खुपसून. तलवार बदक पोहता पोहता डोकं खाली, शेपूट वर करून तळाचं खातं, म्हणजे मानेच्या टप्प्यात तळ हवा. फ्लेमिंगोलाही उथळच लागतं. आता वरून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन (शेतीसाठी ठरवून सोडलेलं पाणी) सुटलं आणि इथलं पाणी चढलं, की चिखलाचे पट्टे बुडतात आणि ही मंडळी दुसरीकडे सरकतात. तेव्हा निघण्याआधी चापडगावच्या एखाद्या गाईडला फोन करून फक्त एवढंच विचारा: पाणी किती आहे?

सूर्योदयाला पक्षी बघायच्या मनोऱ्यावर असा. फ्लेमिंगो नसले तरी जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक आणि वारकरी (कूट) पक्ष्यांचे थवे सहसा चुकत नाहीत. मला विचाराल तर दलदल ससाणा पाण्यालगत खालच्या उंचीवरून गेला की सगळी बदकं एकदम उठतात, ते फ्लेमिंगोपेक्षा भारी. लेकीला नाही पटणार, ठीक आहे.

गोदाकाठ: मग गाळ काढून टाका की. पाणी वाढेल, शेतीलाही मिळेल.

निफाडकर: शेतीला पाणी हवंच, माझाही ऊस याच बंधाऱ्याच्या कालव्यावर आहे. पण सरसकट गाळ उपसला तर उरेल नुसतं खोल तळं. 1986 पासून हे अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हेच. तो मान उथळ पाण्यामुळेच मिळालाय हो.

रानवाटा: धन्यवाद, फोन करते. आईला मनोरा चढवणार नाही.

निफाडकर: काठावरूनही बरंच दिसतं, दुर्बीण मात्र आणा. आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी रेंगाळू नका, आमच्या भागात बिबट्या असतो.