मधुमेह आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा: साधा घ्यावा की पोषणमूल्यं दाखवणारा?

प्रश्न

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. दुपारी आणि रात्री जेवताना १५ ग्रॅम कार्बला (कार्बोहायड्रेट, म्हणजे अन्नातला पिष्टमय आणि गोड भाग) १ युनिट इन्सुलिन, असं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलंय. भागाकार मला जमतो. अडतं ते ताटात कार्ब नेमके किती आहेत, तिथेच.

आत्तापर्यंत वाटीने मोजत होते. एक वाटी भात, तितकंच इन्सुलिन, आणि दोन तासांनी शुगर एकदा २४०, तर दुसऱ्या दिवशी ७४. मला वाटायचं माझंच इंजेक्शन चुकतंय. परवा शेजारणीकडून वजनकाटा आणला आणि तीच वाटी तीन दिवस मोजली. ११८ ग्रॅम, १४९ ग्रॅम, १७१ ग्रॅम. वाटी तीच, हात माझाच. एकदा मोकळा भात होता, एकदा दाबून भरला गेला, एकदा वर शीग आली.

आता घरी काटा घ्यायचाच आहे. पण दोन प्रकार दिसतात. एक साधा, नुसते ग्रॅम सांगणारा. दुसऱ्यात पदार्थाचा कोड दाबला की कार्ब, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कॅलरी सगळं पडद्यावर येतं. तो बराच महाग आहे. तो घेतला तर चुका कमी होतील का? वजन कच्च्याचं करायचं की शिजल्यावर?

आणि एक. काल ताट काट्यावर होतं, मी आकडे लिहीत होते, आणि ती म्हणाली, "आई, आधी जेवू दे ना, मग मोज." त्यानंतर माझाच घास उतरेना. हे रोज तिच्यासमोर करावं का?

पहिला प्रतिसाद

साधाच घ्या. फक्त शून्य करायचं बटण, म्हणजे टेअर, हवं. ताट ठेवा, शून्य करा, भात वाढा, आकडा लिहा, पुन्हा शून्य करा, पुढचा पदार्थ वाढा. एका ताटाला मिनिटभरही लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत झेपणारा असावा, म्हणजे पातेलंही ठेवता येतं.

दुसरा प्रतिसाद

ताई, मला १३ व्या वर्षी टाइप १ झाला, आज मी ३८ वर्षांची आहे. तुम्ही विचारलेले दोन्ही प्रकारचे काटे मी वापरलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कोडवाला काटा मी नऊ वर्षांपूर्वी घेतला. त्यातली गोम अशी की काट्याला फक्त वजन कळतं. समोर काय ठेवलंय ते आपणच कोड दाबून सांगायचं असतं. त्याच्या पुस्तिकेत तांदळाचे दोन कोड होते, एक कच्च्याचा, एक शिजवलेल्याचा, एकाखाली एक. एका रात्री भूक लागलेली, घाई होती. ९० ग्रॅम शिजलेला भात ठेवला आणि वरच्या ओळीतला कोड दाबला. पडद्यावर आलं ७२ ग्रॅम कार्ब. माझं प्रमाण १२ ग्रॅमला १ युनिट. सहा युनिट घेतले आणि जेवले. त्या भातात प्रत्यक्षात कार्ब होते २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन युनिटांचं काम. पाऊण तासाने भांडी घासताना हातातला पेला दिसत होता, पण धरल्यासारखा वाटेना. शुगर ५२. फळांचा रस १५० मिली प्यायले, पंधरा मिनिटं थांबले, ६१. पुन्हा तेवढाच रस, वर ब्रेडच्या दोन स्लाइस. चार युनिट जादा गेले होते, त्यामुळे एवढ्यावर भागलंय असं धरून झोपणं शक्य नव्हतं. रात्री एकपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासत बसले.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. पडद्यावर "कार्ब ७२" असं छापील अक्षरात आलं की आपण शंका घेत नाही, हे सांगायचंय. साध्या काट्यावर ९० ग्रॅम दिसले असते, मी मनात गुणाकार केला असता, आणि मूठभर भाताला ७२ हा आकडा तिथेच खटकला असता. तुम्ही अजून शिकताय, म्हणून मी तर म्हणेन साधाच काटा घ्या आणि गुणाकार स्वतः करा.

गुणाकाराला लागतात ते फॅक्टर, म्हणजे एक ग्रॅम पदार्थात किती ग्रॅम कार्ब. शिजलेला पांढरा भात साधारण ०.२८. कच्चा तांदूळ ०.८०. उकडलेला बटाटा ०.२०. सोललेलं केळं फायबर धरून ०.२३, वगळून ०.२०. सफरचंद ०.१४, फायबर वगळून ०.११ ते ०.१२. पांढरा ब्रेड ०.५० च्या जवळपास, पण ब्रेडच्या पाकिटावर जे छापलंय तेच धरा. दूध १०० मिलीला ५ ग्रॅम. रोजच्या खाण्यातले दहा-बारा पदार्थ पाठ झाले की बहुतेक जेवणं निघतात.

आता तुमच्या तीन वाट्या बघा. ११८ ग्रॅमला ३३ ग्रॅम कार्ब, १४९ ला ४२, १७१ ला ४८. पहिल्या आणि तिसऱ्या वाटीत १५ ग्रॅमचा फरक, म्हणजे तुमच्या मुलीच्या प्रमाणात बरोबर एक युनिट. अकरा वर्षांच्या मुलीला एक युनिट इकडे-तिकडे म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. २४० आणि ७४ चं कोडं बरंचसं इथेच सुटतं. तुमचं इंजेक्शन चुकत नव्हतं, ताई.

कच्चं की शिजलेलं? ताटात एकच पदार्थ असेल तर शिजलेल्याचं वजन आणि शिजलेल्याचा फॅक्टर. दोन्हीची सरमिसळ नको, बस. मात्र भात कधी फडफडीत होतो, कधी मऊ, पाणी कमी-जास्त पडलं की ०.२८ सुद्धा हलतो. म्हणून घरात मिसळून शिजवलेल्या प्रत्येक गोष्टीला मी पातेल्याचा हिशेब करते. हा जमला की कोडवाल्या काट्याची आठवणही येणार नाही.

रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवायचं. समजा त्यात २५० ग्रॅम कच्चा तांदूळ घातला, त्याचे २०० ग्रॅम कार्ब. ३०० ग्रॅम कच्चा बटाटा (फॅक्टर उकडलेल्यापेक्षा थोडा कमी, साधारण ०.१७), त्याचे ५०. कांदा-गाजर वगैरेचे १०. एकूण २६०. शिजल्यावर पातेलं काट्यावर ठेवायचं, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं. उरले समजा १३०० ग्रॅम. २६० भागिले १३००, म्हणजे ०.२०. हा त्या दिवसाच्या त्या पातेल्याचा फॅक्टर. मग ताटात १८० ग्रॅम वाढलं तर ३६ ग्रॅम कार्ब. पाणी किती आटलं, किती जिरलं याने काहीही बिघडत नाही, कारण घातलेले २६० ग्रॅम कार्ब पातेल्याबाहेर कुठेही गेलेले नसतात. सूपला हेच, केकला हेच.

रिकाम्या पातेल्यांची वजनं मी आधी बुडाला मार्करने लिहिली होती. पहिल्याच वापरात आचेने पुसली गेली. आता ओट्याच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. "खरवडलेल्या कडेचं, ६१२. झाकणाचं मोठं, ९४०. निळ्या कानांचं, ४५५." घरात कुणीही स्वयंपाक केला तरी कागद समोर असतो.

गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका, आकडा हलत राहतो आणि काटाही खराब होतो. आधी काट्यावर लाकडी पाट किंवा जाड घडी ठेवून शून्य करा. काटा सपाट, टणक जागी हवा. रुमालावर ठेवलेला काटा खोटं बोलतो. आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं: पीठ किंवा साखर चिमूट चिमूट भुरभुरवली तर बरेच डिजिटल काटे ती मोजतच नाहीत. अगदी हळू वाढणारं वजन त्यांना शून्यातली थरथर वाटते आणि ते पुन्हा शून्य धरतात. अशा वेळी ते आधी वेगळ्या वाटीत काढून एकदम ओतायचं, म्हणजे खरा आकडा येतो. सेल उतरत आले की काटा भरकटतो, म्हणून एक स्टीलचा चमचा नेमून ठेवलाय. तो ४१ ग्रॅमचा आहे. रविवारी तो ठेवते, ४१ आले की आठवडा निर्धास्त.

फळाचं सोपं आहे. केळं सालीसकट मोजा, खाऊन झालं की साल मोजा, वजा करा. साल जवळजवळ एक तृतीयांश भरते, म्हणून सालीसकट वजनाला फॅक्टर लावला तर इन्सुलिन जादा जाईल.

पाकिटावरची माहिती वाचताना एक जपा. युरोपातल्या पद्धतीच्या लेबलवर कार्बमधून फायबर आधीच वगळलेलं असतं, अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर ते एकूण कार्बमध्ये धरलेलं असतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. फायबर धरायचं की वगळायचं हे डायटिशियनना एकदा विचारा आणि मग एकाच पद्धतीने चला.

आणि काट्याला न कळणारं बरंच काही आहे. चीज घातलेला पास्ता मोजून-मापून खाल्ला तरी माझी शुगर दोन तासांनी छान असते आणि चार तासांनी चढते, कारण स्निग्ध पदार्थांमुळे पोट हळू रिकामं होतं. असं दिसलं तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. प्रमाण मनाने बदलू नका.

आता मुलीचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझी आई प्रत्येक गोष्ट माझ्यासमोर मोजायची, आकडा बघून कपाळाला आठी घालायची, आणि काही वेळा चमचाभर परत काढून घ्यायची. तो परत गेलेला चमचा मला पंचवीस वर्षांनीही आठवतो. आईची माया होती, धास्तीही होती, पण मी लपून खायला लागले ते तेव्हापासून. टाइप १ असलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये खाण्याशी निगडित मानसिक विकार इतर मुलींपेक्षा जास्त आढळतात. म्हणून मोजणं ओट्यापाशी संपवा, ताट तिच्यासमोर गरम आणि तयार जाऊ दे. तिला हवं तितकं वाढा आणि त्याप्रमाणे इन्सुलिन द्या. इन्सुलिन जेवणामागे जाऊ दे, जेवण काट्यामागे नको. "हे चांगलं, ते वाईट" हे शब्दच नकोत. हायपो (शुगर फार खाली जाणं), आजारपण, वाढीचं वय अशा वेळी काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतीलच.

तिला रस असेल तर एक करून बघा. आधी तिला अंदाज सांगू द्या, मग काटा बघा. वर्षभरात तिची नजर तयार होईल. बाहेर, कुणाकडे गेल्यावर, सहलीला काटा नसतो, तिथे नजरच कामी येते. मी आज घराबाहेर काटा नेत नाही. घरी मात्र महिन्यातून आठवडाभर पुन्हा सगळं मोजते, कारण नजर हळूहळू सैल होते, आणि माझी नेहमी भाताच्या बाजूने होते.

तिसरा प्रतिसाद

मला टाइप २ आहे, इन्सुलिन नाही, फक्त गोळ्या. आम्हाला काट्याची गरज नाही असं मी धरून चाललो होतो. सकाळी ओट्स खायचो, पाकिटावर एका वेळचं प्रमाण ४० ग्रॅम, आणि "मी तेवढेच खातो" असं डॉक्टरांना दर वेळी सांगायचो. मुलाच्या आग्रहाने मोजले तर ८५ ग्रॅम. म्हणजे रोज दोन माणसांचा नाश्ता. मी फक्त तीन आठवडे सगळं मोजलं आणि ओट्सच्या डब्यात ४० ग्रॅमला बरोबर बसणारं एक छोटं भांडं टाकून ठेवलं. नाश्त्यानंतरची शुगर आता पूर्वीपेक्षा ४०-५० ने कमी दिसते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, अजून व्हायची आहे. ज्यांच्या गोळ्यांनी शुगर खाली जाऊ शकते, त्यांनी खाणं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. साधा काटा आणला. काल पातेल्याचा हिशेब पहिल्यांदा केला, फॅक्टर ०.१९ आला. दोनदा करून बघितला, खरा वाटेना इतका सोपा निघाला. कपाटाच्या दाराला कागदही लागलाय.

ताई, तुमचा चमचा परत घेण्याचा प्रसंग वाचला आणि बराच वेळ काही सुचलं नाही. मी गेल्या महिन्यात तेच दोनदा केलंय. काल ताट ओट्यावरच मोजलं. ती स्वतःहून आत आली, "१४०" म्हणाली, काट्यावर १४३ होते. मग ताट उचलून स्वतःच बाहेर घेऊन गेली. दोन तासांनी १३६.

एक अडचण उरली. शाळेत ती डबा नेते, आणि पूर्ण खाईलच असं नसतं.

दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखिकेकडून

डबा भरल्यावर प्रत्येक कप्प्याचे कार्ब एका चिठ्ठीवर लिहा आणि झाकणाला आतून चिकटवा: "भात ३०, फळ १२". एवढंच, वजनं नकोत. आधी जे नक्की खाईल ते खायचं, असं तिच्याशी ठरवा. डबा परत आला की उरलेलं मोजा, पण तिला विचारायला नाही, तुमच्या वहीसाठी. दोन आठवड्यांत कळेल ती साधारण किती उरवते, मग सुरुवातीलाच तेवढं कमी भरा. अर्धवट खाण्याच्या दिवशी इन्सुलिन जेवणाआधी द्यायचं की नंतर, किंवा दोन भागांत, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि तो कागद शाळेतल्या तिच्या बाईंकडे द्या. हायपोसाठी ग्लुकोजच्या गोळ्या डब्यात नको, दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. डबा वर्गाबाहेर राहिला तरी दप्तर तिच्याजवळ असतं.