एका वेळी किती ध्येयं? अनुभव लिहा

गेल्या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर मी पाच गोष्टी लिहिल्या: धावणं, जर्मन, चित्रकला, वजन आणि रखडलेला प्रबंध. वर्ष सरलं, पाचही जागच्या जागी. मी आळशीपणा केला असता तर एवढं लागलं नसतं. पण धावताना प्रबंध डोक्यात, प्रबंधाला बसलो की जर्मनची क्रियापदं. तुमचं आत नेमकं काय होतं, ते वाचायचंय. सल्ले नकोत. आणि ती चिंध्यांची म्हण कृपया कुणी लिहू नका, घरी रोज ऐकतो.

*

माझ्याकडे पोहणं आणि अभ्यास यांचं संगनमत आहे. सकाळी पोहून आले की वाटतं, आज बरंच काही केलं, अभ्यास उद्या. अभ्यास झाला की पोहण्याला सुट्टी. फिशबाख आणि धर यांच्या २००५ च्या प्रयोगात वजन कमी करू पाहणाऱ्यांना 'तुमची प्रगती छान आहे' असं जाणवून दिलं, तर त्यांच्यातले जास्त जण सफरचंद सोडून चॉकलेटकडे वळले. वाचून हसले आणि मग जरा ओशाळलेच. माझं चॉकलेट म्हणजे दुपारची झोप.

*

मी तक्तेवाला. 'अमुक वाजले की तमुक करायचं' असं आधी ठरवून ठेवलं की काम होतं, हे मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांचं म्हणणं मला एका ध्येयापुरतं शंभर टक्के पटलंय. मग हावरटासारखे सहा ध्येयांचे सहा तक्ते केले, वेगवेगळ्या रंगांत. सगळे शेजारी शेजारी लावल्यावर पहिल्यांदा दिसलं की हे माणसाच्या एका दिवसात मावणारच नाही, आणि सहाहीवरचं मन उडालं. डाल्टन आणि स्पिलर यांनी २०१२ मध्ये हेच दाखवलंय: ध्येयं अनेक असली की बारीक आखणीचा फायदा ओसरतो, कारण आखतानाच अडचणी मोजल्या जातात. रंग मात्र छान जमले होते.

*

मी पाच सोडून एकच धरलं. तेही झालं नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

*

धागाकर्ते दादा, तुमचं ते डोक्यात घोळणं मला चांगलं माहीत आहे. परीक्षेचा अभ्यास, लहान मूल आणि पलंगाखाली व्हायोलिनची पेटी. वाजवायला वेळ नव्हताच, पण केर काढताना ती पेटी दिसली की पुढचा तासभर पुस्तकात लक्ष लागायचं नाही. न वाजवलेलं व्हायोलिन वाजवलेल्यापेक्षा जास्त वेळ खात होतं.

अपुरं काम पुऱ्या कामापेक्षा जास्त आठवतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी दिसलं नाही, हेही खरं. मला उपयोगी पडलं ते मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचं २०११ चं काम: अपुरं ध्येय पूर्ण करायची गरज नाही, ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी त्याची टोचणी थांबते. 'नंतर बघू' हे ठरवणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. मी चिठ्ठी लिहिली: परीक्षेनंतरचा पहिला शनिवार, सकाळी सात, फक्त तारा जुळवायच्या. पेटीवर चिकटवली. चार-पाच दिवसांत पेटी दिसायचीच बंद झाली.

तो शनिवार आला. बसले. दुसऱ्याच तारेला खुंटी जास्त पिळली आणि तार तुटली. पण वाईट नाही वाटलं, खरंच.

*

ताई, तुमचं वाचून आत्ताच चार चिठ्ठ्या लिहिल्या. जर्मन, चित्रकला, धावणं, वजन: चारही प्रबंध दिल्यानंतरच्या सोमवारी.

*

प्रबंध कधी देणार, त्याची चिठ्ठी?