भिक्खूनं एकांतात राहायचं की संघासाठी राबायचं?

अनवट: खग्गविसाण सुत्तात (बुद्धवचनांतलं एक सुत्त) सरळ सांगितलंय, गेंड्याच्या शिंगासारखं एकट्यानं फिरावं. आणि विनय (भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ) उघडला की उपाध्यायांना, म्हणजे दीक्षा देणाऱ्या गुरूंना, तोंड धुवायला पाणी द्या, त्यांची खोली झाडा, दर पंधरवड्याला उपोसथाला (नियम म्हणून दाखवण्याच्या सभेला) हजर राहा. म्हणजे ध्यानासाठी घरदार सोडायचं आणि इथं येऊन परत तेच घरकाम? की नुसतं एकटं बसणं हाच स्वार्थीपणा मानतात? नक्की अपेक्षा काय असते?

जुनाखोडा: सगळ्यांना जन्मभर रानातच राहायला लावा अशी मागणी बुद्धांच्या विरोधात गेलेल्या देवदत्त या भिक्खूनं केली होती, ती बुद्धांनी फेटाळली. ज्याला रानात राहायचंय त्याने राहावं, ज्याला गावाजवळ त्याने तिथं, विषय संपला.

निवांत_वाचक: विषय एवढ्यात संपत नाही हो. विनयाच्या महावग्ग या भागातला पोटाच्या विकाराने आजारी पडलेला भिक्खू आठवा, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी फिरकत नाही. बुद्ध विचारतात का, तर तो म्हणतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून! मग बुद्धांनी पाणी ओतलं, त्यांचे शिष्य आनंद यांनी अंग धुतलं, दोघांनी डोक्याकडून-पायाकडून धरून त्याला उचलून खाटेवर ठेवलं आणि नंतर सगळ्यांना बोलावून सुनावलं की तुमचे आईबाप इथं नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की तो माणूस उपयोगी होता की नव्हता यावर बुद्ध एक शब्द बोलत नाहीत. आणि एकांताचं म्हणाल तर एकत्र राहणारे अनुरुद्ध, नंदिय, किंबिल हे तिघं भिक्खू बघा. भिक्षेहून जो आधी येईल तो आसनं मांडतो, पाणी ठेवतो, शेवटी येणारा सगळं आवरतो, रिकामा घडा दिसला की ज्याला दिसेल तो भरतो, जड असेल तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलावतो, पण त्यासाठी मौन मोडत नाही. दर पाचव्या रात्री मात्र रात्रभर धम्मचर्चा. कामही झालं आणि शांतताही राहिली.

रानपाखरू: हे आदर्श चित्र झालं, माणसं एकत्र आली की भांडणंही होतात. कोसंबी शहरातले भांडणारे भिक्खू ऐकेनात तेव्हा बुद्ध स्वतःच सगळ्यांना सोडून पारिलेय्यकाच्या रानात एकटे राहिले होते ना? त्यामुळे एकटं राहणाऱ्याला लगेच पळपुटा म्हणू नये.

अनवट: पटलं. पण उपकाराचं काय? रानातला भिक्खू कोणाचं काय देणं लागतो?

निवांत_वाचक: जेवणाचं! स्वतः शिजवायचं नाही, उद्यासाठी साठवायचं नाही, कोणी हातात दिल्याशिवाय खायचं नाही. रानातलं निवासस्थान गावापासून किमान 500 धनुष्यांच्या लांबीएवढं दूर हवं असं विनयात आहे, पण भिक्षेला चालत जाता येणार नाही इतकं लांब जाऊन भागत नाही, कारण सकाळी कोणीतरी चूल पेटवली तरच याचं पात्र भरणार. आणि लोक बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांना प्रज्ञेसाठी ओळखतात पण मला त्यांची दुसरीच गोष्ट आवडते. एका ब्राह्मणाला प्रव्रज्या (संघाची दीक्षा) द्यायला कोणी तयार नव्हतं, तो झुरून वाळला होता. याने केलेला एखादा उपकार कोणाला आठवतो का असं बुद्धांनी विचारलं, तेव्हा सारिपुत्त म्हणाले, राजगृहात याने मला पळीभर भात वाढला होता. तेवढ्यावर त्यांनी त्याची जबाबदारी घेतली.

अनवट: मग नवीन भिक्खूला लगेच एकटं राहू देतात का?

जुनाखोडा: नाही. किमान पाच वर्षं आचार्यांच्या आश्रयाने राहायचं. तेही समज आली असेल तर. नसेल तर विनयात मुदत दिलीय: आयुष्यभर.