मदत हवी आहे: राज्यसभेत २७ मतंवाला जिंकतो आणि ३३ वाला पडतो, हे कसं?

नमस्कार मंडळी,

स्पर्धा परीक्षेसाठी संसद करतेय. लोकसभेचं सरळ आहे: ५४३ मतदारसंघ, जिथे ज्याला सर्वांत जास्त मतं तो खासदार. राज्यसभेचे २३३ निवडून येणारे, १२ राष्ट्रपतिनियुक्त, सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त, हेही पाठ आहे. आमदार मत देतात इथपर्यंत ठीक. मतमोजणी मात्र काही केल्या डोक्यात शिरत नाही.

जून २०२२ ची महाराष्ट्रातली निवडणूक घ्या. जागा सहा, उमेदवार सात. पहिल्या पसंतीची (पत्रिकेवर ज्याच्यापुढे '१' लिहिलं ती) मतं अशी: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. (गोयल, बोंडे, महाडिक भाजपचे; बाकी चौघे शिवसेना-राष्ट्रवादी-काँग्रेस आघाडीचे.) तळाला महाडिक, आणि पडले पवार! शिवाय कोटा (निवडून यायला लागणारी मतं) एका पुस्तकात ४२ दिलाय, दुसऱ्यात ३७. सूत्र कृपया चिकटवू नका, ते आहे माझ्याकडे. आत घडतं काय ते सांगा.

प्रतिसाद १:
आधी कोट्याचं मिटवू. महाराष्ट्राच्या १९ जागा एकदम भरत नाहीत. सहा, सहा, सात अशा फेऱ्यांनी येतात. २८८ आमदारांनी मत दिलं तर सहा जागांना ४२ लागतात, सातला ३७. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, फेरी वेगळी.

प्रतिसाद २:
ताई, प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरा, म्हणजे कोडं सुटेल. त्या दिवशी एक जागा रिकामी होती, कोठडीतल्या दोघांना मतदान करता आलं नाही, एक मत बाद झालं. उरली २८४ वैध मतं, म्हणजे २८,४००. सहा जागांत एक मिळवून सातने भागा, अपूर्णांक सोडा, एक वाढवा: ४,०५८. हा त्या दिवसाचा कोटा.

गोयलांकडे ४,८०० होते. गरजेपेक्षा ७४२ जास्त. ते वाया जात नाहीत. त्याच ४८ पत्रिकांवर दुसरी पसंती कुणाची आहे ते बघून पुढे सरकतात, फक्त घटलेल्या किमतीने. ७४२ भागिले ४८, म्हणजे पत्रिकेमागे १५. बोंड्यांचंही तेच. भाजपच्या आमदारांनी दुसरी पसंती महाडिकांना दिली असं धरा: ७२० अधिक ७२०, त्यात त्यांचे स्वतःचे २,७००. झाले ४,१४०. कोटा पार!

आता पवारांकडे बघा. प्रतापगढींचं शिल्लक ३४२, पटेलांचं २४२, राऊतांचं जेमतेम ४२. हे सगळं आयतं पदरात पडलं तरी ३,३०० वरून ३,९२६. कोट्याला कमीच. त्यातून शिल्लक वाटताना मोठी आधी घेतात, त्यामुळे महाडिकांचा नंबर आधीच लागला.

खरी गंमत मतं वाटण्यात आहे. गोयल आणि बोंडे ४१-४१ वर थांबले असते तरी निवडून आलेच असते. त्यांना मुद्दाम ४८ दिली, म्हणजे शिल्लकही मोठी आणि वाटपात पहिला मानही तिचाच. माझ्या मते त्या रात्री कागदावरची आकडेमोड सरस ठरली, आणि हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कुठे दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
अहाहा, पत्रिकेची किंमत घटते हेच कळत नव्हतं! एक उपप्रश्न: मत फुटलं तर आमदारकी जाते का?

प्रतिसाद २:
नाही. २००३ पासून मतदान खुलं आहे. पक्षाच्या आमदाराला भरलेली पत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, अपक्षाने मात्र कुणालाच दाखवायची नाही. पण २००६ च्या कुलदीप नय्यर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अशा मतदानामुळे दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी कायदा) अपात्रता येत नाही. पक्ष हाकलू शकतो, तो भाग वेगळा. आणि हो, इथे 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) हा पर्याय चालत नाही, २०१८ चा निकाल आहे. परीक्षेत हमखास विचारतात.