कपाळावर एकाच बाजूला पांढरा डाग: 500 रुपयांत कोणती यूव्ही टॉर्च घ्यावी?

निपाणीकर_88
मुलगी 8 वर्षांची. कपाळावर डावीकडे पांढरा डाग. दोन महिन्यांपूर्वी रुपयाएवढा होता, आता भुवईपर्यंत आलाय. खाज नाही, कोंडा नाही. अंधारात बघायला यूव्ही टॉर्च घ्यायची आहे. 395 की 365? बजेट 500. टॉर्चबद्दलच सांगा.

शहापूरकर
365 नॅनोमीटरची, काळ्या फिल्टरची. 395 मध्ये जांभळा उजेडच इतका पडतो की डाग त्यात बुडून जातो. पाचशेत बसणार नाही, थोडे वाढवा की ओ.

पहिलं_गेट
टॉर्च राहू दे, आधी दोरा घ्या. केसांच्या मधोमधून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीपर्यंत ताणून धरा. डाग दोऱ्यापाशी येऊन थांबला असेल तर सेगमेंटल, म्हणजे अंगाच्या एकाच बाजूच्या पट्ट्यात येणाऱ्या, कोडाची शंका घ्यायची. क्वचित थोडासा ओलांडतोही, पण जोडीला उजवीकडे डाग नसतो. साधं कोड बहुधा दोन्ही बाजूंना येतं: दोन्ही कोपरे, दोन्ही गुडघे, दोन्ही डोळ्यांभोवती.

खानापूर_रोड
टिकली लावते का? टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉलने पण पांढरं पडतं. टिकल्या फेकून द्या.

पहिलं_गेट
टिकलीचा डाग टिकलीच्याच जागी, मधोमध आणि गोल असतो. हा डावीकडचा आहे. नीट वाचा.

खानापूर_रोड
वाचलंय. तरी टिकली बंदच बरी.

चिकोडी_मेडिकल
भिंगातून भुवईचे केस बघा. कातडीबरोबर केसही पांढरे होऊ लागले असतील तर ती मोठी खूण. सेगमेंटलमध्ये हे लवकर होतं. मलमाने रंग परततो तो केसाच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींमधून. त्याच गेल्या तर मलम कशाच्या जोरावर काम करणार? म्हणून थांबू नका. हा प्रकार पहिले 6 महिने ते 2 वर्षं भराभर पसरतो, मग बहुतेकदा जागच्या जागी थांबतो. किमान वर्षभर हलला नाही की ग्राफ्टिंगचा, म्हणजे चांगल्या जागेची कातडी तिथे लावायचा, विचार होतो, आणि ते यात चांगलं धरतं.

आणि चार औषधं एकत्र असलेली ट्यूब डोळ्याजवळ लावू नका. तसल्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडने कातडी पातळ होते, डोळ्याचा दाब वाढू शकतो. या वयाला टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं मलम) देतात ते 0.03 टक्क्यांचं, तेही डॉक्टरने सांगितल्यावर.

संकेश्वर_गडी
श्वेतकुष्ठ अंगावर काढू नका. दूध-मासे एकत्र बंद करा.

शहापूरकर
‘श्वेतकुष्ठ’ हा शब्दच बंद करा. कुष्ठरोग जंतूंचा, याचा त्याच्याशी संबंध नाही आणि हे लागत नाही. दूध-माशांचाही नाही. सरळ कोड म्हणा, कन्नडमध्ये तोन्नू म्हणा.

संकेश्वर_गडी
आमच्याकडे तसंच म्हणतात.

चिकोडी_मेडिकल
कुष्ठाची शंका मात्र डॉक्टरकडून फेडून घ्या. कापसाची वात फिरवून स्पर्श कळतो का बघतात, पण चेहऱ्यावर त्यावर विसंबू नका. तिथल्या कुष्ठाच्या डागातही स्पर्श शाबूत राहू शकतो.

शहापूरकर
टॉर्च घेणारच असाल तर: तोंड धुवून पूर्ण कोरडं करा, पावडर-क्रीम काही नको, तीही चमकतात. खोली काळोखी करून दोन-तीन मिनिटं थांबा. मुलीने डोळे मिटलेले. टॉर्च वीतभर लांब. कोड खडूसारखं, निळसर पांढरं, काठ रेखीव दिसतं. कोरड्या कातडीचे मुलांचे डाग पुसट राहतात. जन्मापासूनचा फिकट डाग मळकट पांढरा, आणि तो असा पसरत नाही. शिबं असेल तर पिवळट झाक. टॉवेलचे धागेही चमकतात, त्यांना फसू नका.

पहिलं_गेट
दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो. शेजारी पट्टी धरा, नाहीतर वाढला की नाही कळत नाही. बेळगावला सिव्हिलच्या स्किन ओपीडीत दाखवायला नेताना तेच फोटो लागतील.

निपाणीकर_88
दोरा लावला. डाग दोऱ्याला टेकून थांबलाय. भुवईत नाकाकडचे चार केस पांढरे. सोमवारी बेळगावला जातोय.
टॉर्च 395 चीच मागवली, 349 ला.

शहापूरकर
😑 परत करता येते का बघा.