शब्दचर्चा : राजवधूच्या गाउनची 'ट्रेन', लेस आणि व्हेल

विचारणा

ब्रिटिश राजघराण्यातल्या वधूंच्या पोशाखांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे, व्हिक्टोरिया राणीपासून केट मिडलटनपर्यंत. पहिल्याच पानावर अडले. गाउनचा मागे जमिनीवर लोळणारा जो लांब भाग असतो, ज्याला इंग्रजीत ट्रेन म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? 'डायनाची ट्रेन २५ फूट लांब होती' असं लिहिलं की डोळ्यांसमोर आगगाडी येते. 'शेपूट' मला मुळीच रुचत नाही. 'लेस' आणि 'व्हेल' (वधूच्या डोक्यावरून सोडलेलं तलम वस्त्र) हे शब्द तसेच ठेवावेत का? आणि 'गाउन' चालेल ना?

प्रतिसाद १

सोगा लिहा, बिनदिक्कत. धोतराचा सोगा, लुगड्याचा सोगा हे शब्द अजून कानावर पडतात. वस्त्राचं जे टोक सुटं राहतं, लोंबतं, लोळतं, तो सोगा. शिवाय याच्याबरोबर क्रियापदं आयती मिळतात. सोगा सावरता येतो, उचलता येतो, सोग्यावर पायही पडतो, आणि या लग्नांच्या हकिगतींत नेमकं हेच घडत असतं.

१० फेब्रुवारी १८४० रोजी सेंट जेम्स राजवाड्यातल्या चॅपल रॉयलमध्ये व्हिक्टोरियाचं लग्न लागलं. तिचा सोगा धरायला बारा जणी होत्या आणि सोगा त्या मानाने आखूड. सगळ्या दाटीवाटीने चालताना एकमेकींच्या टाचांना ठेचकाळत, एकमेकींच्या झग्यांवर पाय देत कशाबशा पुढे सरकल्या, असं त्यांच्यातल्याच एकीने लिहून ठेवलं आहे. २९ जुलै १९८१ ला डायनाची तऱ्हा उलटी. तिचा सोगा टाफेटा रेशमाचा, २५ फुटांचा. ती आणि तिचे वडील बग्गीत बसल्यावर तो पायाशी जेमतेम मावला. सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी ती उतरली तेव्हा कापडावर सुरकुत्याच सुरकुत्या होत्या, आणि त्या जगभर टीव्हीवर दिसल्या. मागच्या मुली तो ओढून, झटकून सरळ करत होत्या. हे वाक्य 'ट्रेन' घालून लिहून बघा आणि मग 'सोगा' घालून.

पण डोळे मिटून सगळीकडे सोगा लिहू नका. २० नोव्हेंबर १९४७ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजकन्या एलिझाबेथचं (पुढे राणी झालेल्या) लग्न झालं. नॉर्मन हार्टनेलने केलेल्या त्या पोशाखात मागचा लांब भाग तलम जाळीचा, चांदण्यांच्या नक्षीचा होता आणि तो खांद्यांपासून निघून पाठीवरून खाली उतरत होता. खांद्यावरून सुटतं त्याला आपण पदरच म्हणतो. तिथे 'खांद्यांवरून मागे सोडलेला लांब पदर' लिहा. केट मिडलटनच्या झग्याचा घेरच मागे लांबत गेला होता, पावणेतीन मीटरच्या आसपास, तो सोगा. हा फरक शब्दातच आला तर लेखात फोटो नसला तरी वाचकाला पोशाखाची ठेवण कळेल.

आणि एक, 'ब्राइड्समेड' लिहू नका. आपल्याकडे करवली आहे. २९ एप्रिल २०११ ला केटच्या मागून तिचा सोगा उचलून धरत पिपा चालत होती, ती तर सख्खी धाकटी बहीण. करवलीचा मान तिचाच.

प्रतिसाद २

मी शिवणाचे वर्ग घेते, म्हणून 'लेस'बद्दल.

मराठीत लेस म्हटलं की दुकानात मीटरवर मिळणारी, साडीच्या काठाला किंवा ब्लाउजच्या बाहीला लावायची पट्टी समोर येते. ताई, तुम्ही नुसतं 'व्हिक्टोरियाच्या पोशाखाला लेस होती' लिहिलंत तर वाचकाला तीच पट्टी दिसणार. तिची लेस इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली, हॉनिटन प्रकारची, बीअर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात झालेली. दोनशेच्या वर बायका त्या कामावर होत्या. कडक उशीवर नमुन्याप्रमाणे टाचण्या टोचायच्या, लाकडी बॉबिनवर बारीक दोरा गुंडाळायचा, आणि बॉबिनच्या जोड्या एकमेकींवरून टाकत टाचण्यांभोवती पीळ देत जायचं. खाली कापड नसतंच. दोऱ्यादोऱ्यांतून फूल तयार होतं, पान तयार होतं, मग ते सगळं जोडायचं. त्या काळात यंत्रावरच्या जाळीमुळे या बायकांचा धंदा बसत चालला होता. राणीने मुद्दाम त्यांच्या हातचं काम घेतलं, आणि पुढे बारशांना, थेट १८९७ च्या हीरक महोत्सवातही ती लेस पुन्हा अंगावर घातली. हे लेखात आलंच पाहिजे. माझ्या मते 'हातविणीची लेस' म्हणा आणि एकदा दोन ओळींत कृती सांगा. पुढे नुसतं 'लेस' चालेल.

केटच्या पोशाखाचं काम आणखी वेगळं. सारा बर्टनने तो अलेक्झांडर मॅक्क्वीन या फॅशन कंपनीसाठी केला, आणि हाताचं काम हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कने. तिथे लेसमधली गुलाबाची, काटेफुलाची, डॅफोडिलची, शॅमरॉक या तीन पानांच्या वनस्पतीची नक्षी एकेक कापून रेशमी जाळीवर बसवली. शिवणाऱ्या दर अर्ध्या तासाने हात धूत होत्या आणि दर तीन तासांनी सुई बदलत होत्या, कारण घामाचा डाग आणि बोथट सुईची ओढ, दोन्ही जाळीवर लगेच दिसतात. आमच्या भाषेत हे 'अप्लिक', साध्या मराठीत 'कातरून शिवलेली नक्षी'. याला 'विणलेली' म्हणू नका, ते चुकीचं होईल.

'गाउन'ला माझा विरोध आहे. घरात मॅक्सी घालतो त्याला आज निम्मा महाराष्ट्र गाउन म्हणतो. पहिल्यांदा 'पायघोळ विवाहझगा' आणि नंतर 'झगा' पुरे. घेर, ओटी-पाठ, कंबर, बाही हे शब्द आहेतच. आणि कृपा करून 'झगा नेसली' नको. शालू नेसतात, झगा घालतात.

विचारणाऱ्या

दोघांचेही मनापासून आभार. सोगा आणि पदर दोन्ही घेते. आता दोन नवे पेच. व्हिक्टोरियाच्या 'पांढऱ्या' झग्यापाशी हात थांबतो. आमच्या आजीच्या पिढीला नवरीच्या अंगावर पांढरं हे वाचूनच कसंतरी होईल. आणि १९४७ च्या लग्नाच्या वेळी कापडाचं रेशनिंग होतं, नवरीला कपड्यांची २०० जादा कूपनं मिळाली, बायकांनी आपापली कूपनं तिला टपालाने पाठवली आणि ती परत करावी लागली, कारण दुसऱ्याचं कूपन वापरणं बेकायदा होतं. या 'कूपन'ला काही मराठी?

प्रतिसाद १

कूपनला हात लावू नका. रेशन आणि कूपन आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत उभे राहून मराठी झाले आहेत.

पांढऱ्याचं मात्र जपून. तुमच्या आजींना जे वाटेल ते फ्रान्सच्या दरबारातही वाटलं असतं. १५५८ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी पॅरिसच्या नोत्र दामात पांढऱ्या पोशाखात बोहल्यावर चढली, तेव्हा तिथे राण्यांच्या सुतकाचा रंग पांढराच होता. अडीच वर्षांनी नवरा वारला आणि तिने पुन्हा पांढरं घातलं, या वेळी सुतकाचं. तिथे 'पांढरा' हाच शब्द हवा, तो बोचला पाहिजे. व्हिक्टोरियासाठी 'शुभ्र' लिहा. तिच्या आधी राजघराण्यातल्या वधू बहुतेक रुपेरी-सोनेरी जरीकामात मढलेल्या असत. १८१६ मध्ये राजकन्या शार्लटचा झगा रुपेरी होता. त्या झगमगाटाशेजारी साधा शुभ्र साटीन ठेवायचा आहे, आणि 'शुभ्र'ला मराठीत वैधव्याची सावली नाही. एलिझाबेथ, डायना, केट या तिघींचे झगे पांढरेफटक नव्हतेच. त्यांना साडीच्या दुकानातला शब्द द्या, मोतिया. एलिझाबेथच्या झग्यावर तर दहा हजार बारीक मोती टाकलेले होते.

'व्हेल' राहिलाच. मासा आठवतो म्हणून तो नको, 'बुरखा' वेगळ्याच पोशाखाचा, 'अवगुंठन' नाट्यसंगीतात शोभेल. मी 'जाळीची ओढणी' लिहीन. १९ मे २०१८ ला मेगन मार्कलने विंडसरला घेतली ती पाच मीटरची होती आणि तिच्या कडेने राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं-पानं भरलेली होती, भारताचं कमळ त्यातच. ओढणीच्या कडेला भरतकाम हे कुणालाही कळतं.

प्रतिसाद २

ओढणी चालेल, फक्त ती डोक्यावरून घेतलेली आहे हे एकदा सांगा. आपल्याकडे ती आता खांद्यावरच असते.

आणि शीर्षकात 'शाही विवाह' लिहिणार असाल तर थांबा. हल्ली प्रत्येक मंगल कार्यालयाच्या फलकावर शाही विवाह सोहळाच असतो. 'राजघराण्यातली लग्नं' म्हणा.

विचारणाऱ्या

शीर्षक बदललं. 'राजवधूंचे झगे : व्हिक्टोरिया ते केट'. मेगन 'ते केट'मध्ये बसत नाही, पण कमळाची ती ओढणी चौकटीत घेते.